‘वन पीस आता सुरू करून उपयोग नाही, संपवायला वर्षं जातील’ हे खरं का?

नव्या वाचकाला हमखास मिळणारा सल्ला: ‘वन पीस’ ही जपानी कॉमिक मालिका (मांगा) १९९७ पासून चालू आहे, १०० च्या वर खंड झालेत, आता हातात घेतलंस तर दोन-तीन वर्षं त्यातच जातील. आकडे खरे आहेत, त्यामुळे घाबरायला होणं साहजिक आहे. निष्कर्ष मात्र चुकतो.

आठवड्याला निघणारं एक प्रकरण साधारण १७ ते १९ पानांचं असतं. त्यातली बरीच जागा चित्रांची, मारामारीत तर संवाद आणखी कमी. सहा मिनिटं धरली तर ११०० प्रकरणांना ६,६०० मिनिटं, म्हणजे ११० तास. रोज एक तास वाचलं तर चार महिन्यांच्या आत.

मग ‘वर्षं’ आली कुठून? बहुधा अ‍ॅनिमेमुळे. ती याच कथेची टीव्हीवरची कार्टून मालिका; तिचा एक भाग गाणी वगळूनही वीसेक मिनिटांचा. ११०० भाग म्हणजे ३६० हून जास्त तास. पाहणाऱ्यांचा अनुभव वाचणाऱ्यांना चिकटला.

स्वतः तपासायचं तर घड्याळ लावून पाच प्रकरणं वाचा, सरासरी काढा, गुणाकार करा. पहिलं प्रकरण यात धरू नका, ते एकटंच पन्नासहून जास्त पानांचं आहे. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय होईपर्यंत वेगही कमी पडतो, म्हणून मोजणी दुसऱ्या खंडापासून केलेली बरी. (चित्रं निरखत बसणाऱ्यांनी वेळ खुशाल दुप्पट धरावा. मी धरते.)