विनोदाचा नेम कोणावर? टीव्ही मालिका आणि अपंगत्व

ऑफिसात आग लागली तर बाहेर कसे पडायचे, याची रंगीत तालीम सुरू आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्या सहकारी तरुणीला साहेब आणि त्याचा मदतनीस खुर्चीसकट उचलतात, जिना उतरताना दमतात, आणि शेवटी ही तालीमच तर आहे असे ठरवून तिला मधल्या टप्प्यावर सोडून निघून जातात. ब्रिटनच्या 'द ऑफिस' या मालिकेतला २००२ सालचा हा प्रसंग. तरुणीची भूमिका करणारी ज्युली फर्नांडिस स्वतः व्हीलचेअर वापरते. तिच्या पायांवर इथे एकही विनोद नाही. हसू येते ते साहेबाच्या दिखाऊ चांगुलपणाचे.

विनोदातून अपंगत्वाबद्दलची समज वाढेल की टवाळी, हे ठरते नेम कोणावर धरला आहे त्यावर. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२४ च्या एका निकालात अपंगत्व समजून घेऊन केलेला विनोद आणि अपंग व्यक्तीला हिणवणारा विनोद यांत फरक केला आहे. पण नेम बरोबर असला तरी काम फत्ते होतेच असे नाही. त्यामागचे मानसशास्त्र थोडे गुंतागुंतीचे आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले, की दोन गटांतले लोक एकमेकांच्या सहवासात आले की पूर्वग्रह कमी होतात. मात्र दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, ते सहकार्याने गाठायला हवे आणि या सगळ्याला वरिष्ठांचा किंवा संस्थेचा पाठिंबा हवा. २००६ मध्ये थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी अशा ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. परिणाम माफक होता, पण बहुतेक ठिकाणी दिसला. पडद्यावरच्या ओळखीचे काय? रोज भेटणाऱ्या पात्राशी प्रेक्षकाचे एकतर्फी नाते जुळते, हे हॉर्टन आणि व्होल या संशोधकांनी १९५६ मध्येच नोंदवले होते. एडवर्ड शियापा आणि सहकाऱ्यांनी २००५-०६ च्या सुमारास ही दोन सूत्रे जोडली. त्यांचे प्रयोग मुख्यतः समलैंगिक पात्रांबद्दलचे होते, अपंगत्वाबद्दलचे नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे. तरी त्यातला एक धागा इथे उपयोगी पडतो: ज्यांची समलैंगिक व्यक्तींशी प्रत्यक्ष ओळख जवळजवळ नव्हती, त्यांच्या बाबतीत पडद्यावरच्या ओळखीचा संबंध अधिक ठळक दिसला.

म्हणूनच एका भागापुरते येऊन सगळ्यांना रडवून जाणारे पात्र फारसे कामाचे नाही. आठवड्यामागून आठवडे येणारे, चुका करणारे, कधी चक्क स्वार्थीपणाने वागणारे पात्र हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना, म्हणजे दर सहांपैकी एकाला, लक्षणीय अपंगत्व आहे. इतक्या माणसांत एकही आळशी किंवा खवचट नाही, असे कसे होईल?

आता धोके. १९७१ मध्ये सुरू झालेल्या 'ऑल इन द फॅमिली' या अमेरिकी मालिकेत आर्ची बंकर नावाच्या पूर्वग्रहदूषित बापाची खिल्ली उडवली जाई. व्हिडमार आणि रोकीच यांनी १९७४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या प्रेक्षकांना विचारले, तेव्हा ज्यांच्या मनात पूर्वग्रह अधिक होता त्यांना आर्चीच अधिक पटत असल्याचे आढळले. लेखकाचा नेम एकीकडे, प्रेक्षकाचा दुसरीकडे. दुसरा धोका २००७ च्या रॉबिन नबी यांच्या संशोधनात दिसतो. विनोदातून आलेल्या म्हणण्यावर लोक मनातल्या मनात कमी वाद घालतात, हा फायदा. पण 'ही तर गंमत' म्हणून ते झटकूनही टाकतात. तिसरा धोका थॉमस फोर्ड यांनी दाखवला. हिणवणारा विनोद नवा पूर्वग्रह तयार करतोच असे नाही, पण ज्याच्या मनात तो आधीच आहे त्याला 'हे चालते' अशी परवानगी देतो.

यावर लेखनाच्या टप्प्यावर एक चाचणी सांगितली जाते: प्रसंगातून अपंगत्व काढून टाका, विनोद उरतो का पाहा. ही चाचणी अर्धवट आहे. रॅम्प नसल्यामुळे घडणाऱ्या गमतीतून अपंगत्व काढले तर काहीच उरणार नाही, तरीही तो विनोद उत्तम असू शकतो. त्यापेक्षा विचारावे: या प्रसंगात अडाणी कोण ठरते, आणि शेवटचे वाक्य कोणाच्या तोंडी आहे? अपंग पात्राला एकही चांगला टोमणा मिळत नसेल, तर ते पात्र नसून नेपथ्य आहे.

'स्पीचलेस' (२०१६ ते २०१९) या अमेरिकी मालिकेने हे बऱ्याच अंशी साधले. जेजे या बोलू न शकणाऱ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहण्याचा विकार, आहे. भूमिका करणाऱ्या मायका फाउलरलाही. जेजे डोक्यावर बसवलेल्या लेझरने तक्त्यावरचे शब्द दाखवतो आणि मदतनीस ते मोठ्याने वाचतो. पहिल्याच भागात शाळेत त्याच्यासाठी दाखवलेला रॅम्प हा कचरा नेण्याचा रॅम्प निघतो. विनोदाचा नेम कोणावर, हे वेगळे सांगावे लागत नाही.

अशा पात्राची खरी कसोटी वेळेची असते. साधारण बोलणे मिनिटाला १५० शब्दांच्या आसपास चालते. तक्ता किंवा संवादयंत्र वापरणाऱ्यांचा वेग बहुधा १५ च्या खाली राहतो. संकलनात ही सगळी शांतता कापली की खोटेपणा येतो, सगळी ठेवली तर प्रसंग लोळतो. मग त्या थांबण्यालाच कामाला लावायचे. समोरच्याने घाईने त्याचे वाक्य चुकीचे पूर्ण करायचे, आणि याने शांतपणे भलताच शब्द दाखवायचा.

तपशिलात चूक झाली की जाणकार प्रेक्षक तिथल्या तिथे तुटतो. आंधळे पात्र भेटणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा चाचपत नाही. पांढरी काठी वापरण्याच्या नेहमीच्या पद्धतीत उजवा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचे टोक डावीकडे टेकते, कारण पुढचे पाऊल तिकडे पडायचे असते. ती नुसती हवेत फिरवत चालले की अभिनय उघडा पडतो. बहिरे पात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाचे कुजबुजणे ओठांवरून अचूक वाचते, हीही एक लोकप्रिय थाप. प, ब, म उच्चारताना ओठ सारखेच मिटतात. 'पाळ', 'बाळ', 'माळ' नुसते बघून वेगळे ओळखता येत नाहीत. संदर्भावरून अंदाज बांधावा लागतो, आणि तो चुकला की त्यातून खरी, प्रामाणिक गंमत निघते.

कॅमेराही बाजू घेतो. व्हीलचेअरवर बसलेल्या प्रौढ व्यक्तीची नजर जमिनीपासून साधारण ११० ते १३० सेंमीवर असते. कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवर ठेवून खाली झुकवला की ती व्यक्ती प्रत्येक दृश्यात लहान दिसते. सांकेतिक भाषेत बोलणाऱ्याचे हात आणि चेहरा दोन्ही चौकटीत हवेत. वाक्य चालू असताना ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया दाखवायला कॅमेरा वळवला, तर बहिऱ्या प्रेक्षकासाठी ते वाक्य अर्ध्यातच तुटते. विनोदी मालिकेत प्रतिक्रिया हेच निम्मे भांडवल, म्हणून ही चूक फार होते.

अपंग नटाला घेतले की काम संपले, असेही नाही. लेखकांच्या खोलीत तशी माणसे नसतील तर नटाच्या वाट्याला तेच ते दोन विनोद येतात. ब्रिटनच्या चॅनेल फोर वाहिनीवरचा 'द लास्ट लेग' हा गप्पांचा विनोदी कार्यक्रम २०१२ मध्ये लंडन पॅरालिम्पिकच्या वेळी सुरू झाला, तेव्हा तीन सूत्रधारांपैकी अ‍ॅडम हिल्स आणि अ‍ॅलेक्स ब्रूकर हे दोघे कृत्रिम पाय वापरणारे होते. प्रेक्षकांनी 'हे विचारलेले चालेल का?' म्हणत अवघड प्रश्न पाठवायचे आणि यांनी उत्तरे द्यायची. संकोच प्रेक्षकाचा, सूत्रे मात्र यांच्या हाती.

प्रसारणाआधी निवडक प्रेक्षकांना भाग दाखवतात त्या चाचणी-प्रदर्शनात 'आवडले का?' एवढेच विचारून भागत नाही. 'तुम्ही कोणावर हसलात?' आणि 'या प्रसंगात चूक कोणाची?' हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. आर्ची बंकरसारखा घोटाळा तिथेच पकडता येतो. अपंग आणि इतर प्रेक्षकांची उत्तरे एकत्र मिसळू नयेत.

उपशीर्षके शेवटी घाईत उरकली जातात आणि विनोद तिथे मरतो. कलाटणीचे शेवटचे शब्द आधीच्या ओळीसोबत पडद्यावर झळकले, तर बहिरा प्रेक्षक नटाच्या आधीच विनोद वाचून मोकळा होतो. ते शब्द वेगळ्या ओळीत, उच्चाराच्या क्षणीच यायला हवेत. दृष्टिहीनांसाठीचे ध्वनिवर्णन, म्हणजे पडद्यावर काय घडते ते सांगणारे निवेदन, संवादांच्या मधल्या जागेत बसवावे लागते. म्हणून निव्वळ हालचालीवर बेतलेल्या विनोदाआधी दोन-तीन सेकंदांची मोकळी जागा पटकथेतच राखून ठेवावी. संकलन झाल्यावर ती सापडत नाही.