कार्ब्युरेटरची जुळणी व दोषशोधन

पेट्रोल एंजिनात हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळून देणाऱ्या कार्ब्युरेटरचे स्क्रू, जेट (पेट्रोल बाहेर येण्याचे बारीक भोक) व फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) ठाकठीक करणे आणि त्यातले बिघाड हुडकणे. फ्युएल इंजेक्शन आल्यावर नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. क्लासिक मोटारी जपणाऱ्यांना मात्र हे काम अजूनही आपल्या हाताने करावे लागते.

विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ च्या सुमारास पुढे आणलेली फवाऱ्याची कल्पना बहुतेक क्लासिक कार्ब्युरेटरांत कायम आहे. हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. मग फ्लोट चेंबरमधले पेट्रोल जेटमधून ओढले जाऊन हवेत फवारले जाते. १ किग्रॅ. पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किग्रॅ. हवा लागते. पूर्ण शक्ती हवी तेव्हा हे प्रमाण साडेबारा-तेरापर्यंत उतरवावे लागते, थंड एंजिन सुरू करताना त्याहूनही खाली. एका जेटला एवढे सगळे जमत नाही. म्हणून आयडलिंग (उभ्या गाडीत एंजिन मंद चालणे), मुख्य जेट, ॲक्सिलरेटर पंप (ॲक्सिलरेटर दाबताच जादा पेट्रोल सोडणारा) आणि चोक (थंड एंजिनासाठी हवा रोखणारी झडप) असे वेगवेगळे मार्ग ठेवलेले असतात. यांतला कुठला मार्ग बिघडला, हे गाडी नेमकी कधी अडखळते त्यावरून कळते. नुसत्या आयडलिंगला बंद पडणारी गाडी आणि चढावर दम सोडणारी गाडी यांचे दुखणे सहसा एक नसते.

स्क्रूला हात लावण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे भाग), कॉन्टॅक्ट पॉइंटमधले (ठिणगीसाठी वीजप्रवाह तोडणाऱ्या टोकांमधले) अंतर, प्लग आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासावे. कार्ब्युरेटरच्या माथी मारलेले निम्मे दोष इग्निशनचे निघतात, असे जुने मिस्त्री म्हणतात. त्यात अतिशयोक्ती असेल, पण कामाचा क्रम त्यांचाच बरोबर आहे. जुळणी करताना एअर फिल्टर स्वच्छ हवा, एंजिन पूर्ण तापलेले हवे आणि चोक पूर्ण उघडलेला हवा. पण त्याआधी, एंजिन थंड असतानाच, ‘चोरटी हवा’ शोधावी. मॅनिफोल्डचे (कार्ब्युरेटरपासून एंजिनापर्यंतच्या नळीचे) गॅस्केट फाटले, व्हॅक्यूमची नळी तडकली किंवा थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा) दांडा झिजला, की मोजणीत नसलेली हवा आत शिरते आणि आयडलिंग वरखाली होत राहते. थंड एंजिनवर संशयाच्या जागी कार्ब्युरेटर क्लीनरचा बारीक फवारा मारला आणि एंजिनाचे फेरे बदलले, तर गळती तिथेच. हा फवारा पेट घेतो, म्हणून तापलेल्या एक्झॉस्टजवळ किंवा ठिणगी पडेल अशा जागी तो मारू नये. दांडा झिजला असेल, तर बुश बदलल्याशिवाय कितीही जुळणी केली तरी टिकत नाही.

सोलेक्स, वेबर यांसारख्या ठरावीक जेटच्या कार्ब्युरेटरात मिक्श्चर स्क्रू हलकेच पूर्ण आत बसवून साधारण दीड फेरा बाहेर घेतात आणि तिथून पुढे कान देऊन जुळवतात. स्क्रू पेट्रोलचा असेल तर आत घेतल्यावर मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. हवेचा असेल तर उलट. हा फरक माहीत नसल्याने अनेकांची दुपार वाया गेली आहे. स्क्रू दाबून पिळला तर त्याच्या टोकाला खाच पडते आणि मग कुठलीच जुळणी नीट बसत नाही.

जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांच्या एस.यू. कार्ब्युरेटरची तऱ्हा वेगळी. त्यात हवेच्या मागणीनुसार पिस्टन वर-खाली होतो आणि त्याला लावलेली निमुळती सुई जेटचे तोंड लहान-मोठे करते. जेटची षटकोनी नट एकेक बाजू, म्हणजे एक षष्ठांश फेरा, फिरवून मिश्रण बदलतात. परीक्षा सोपी: पिस्टन मिलिमीटरभरापेक्षा किंचित कमी उचलावा. एंजिनाचे फेरे वाढून तसेच राहिले तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. एंजिन बसू लागले तर लीन. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाले तर बरोबर. डॅशपॉटमधले (पिस्टनची हालचाल मंदावणाऱ्या नळकांड्यातले) तेल संपले असेल तर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी गचका खाते, आणि हा गचका पुष्कळदा जेटच्या नावावर खपतो. जोड कार्ब्युरेटर असतील तर मिश्रणाआधी दोन्हींतून सारखी हवा जाते ना, हे पाहावे. वायुमापक नसला तरी रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरले, की दोन्हींच्या सुस्काऱ्यांतला फरक ऐकू येतो.

पेट्रोल वाहून जाऊ लागले तर आधी फ्लोटकडे संशयाने पाहावे. नीडल व्हॉल्व्हमध्ये (फ्लोट वर आला की पेट्रोल थांबवणाऱ्या सुईच्या झडपेत) कचरा अडकलेला असतो, किंवा पितळी फ्लोटला बारीक भोक पडून तो बुडालेला असतो. हलवल्यावर आत पेट्रोल डचमळते. रिकामा करून गरम पाण्यात धरला की भोकातून बुडबुडे येतात. जेट तुंबला तर तार घालू नये, कारण भोक मोठे होते; दाबाची हवा पुरते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी भाग फुगतात किंवा चिरतात, शिवाय इथेनॉलमधल्या ऑक्सिजनमुळे मिश्रण थोडे लीन होते.

जुळणी साधली का, हे प्लग सांगतात: तपकिरी टोक ठीक, काजळी धरली तर रिच, पांढरे पडले तर लीन. पण आयडलिंगवर बराच वेळ चाललेल्या गाडीचा प्लग काळाच दिसतो. गाडी वेगात चालवून, एंजिन तिथेच बंद करून मग प्लग काढावा.