एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी : वाटा त्याच, धोका वेगळा

एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी हे दोन्ही विषाणू असुरक्षित लैंगिक संबंधांतून, दूषित रक्तातून व सुयांमधून आणि आईकडून बाळाला पसरतात. म्हणूनच रक्तपेढीत रक्ताच्या प्रत्येक पिशवीची या दोन्हींसाठी तपासणी होते. तरीही लोक भितात ते एचआयव्हीला. हिपॅटायटिस बी ही मात्र साधी कावीळ समजली जाते आणि तीही दूषित पाण्याने होते, असा समज असतो. पाण्यातून पसरणारी कावीळ हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची असते. बी विषाणूचा पाण्याशी संबंध नाही.

खरा फरक विषाणूच्या चिवटपणात आहे. शरीराबाहेर रक्त वाळले की एचआयव्हीची संसर्गक्षमता झपाट्याने घटते, तर हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता मात्र ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे दाढीचा वस्तरा किंवा दात घासण्याचा ब्रश सामाईक वापरण्याची जी धास्ती एचआयव्हीच्या नावाने घेतली जाते, ती वास्तविक हिपॅटायटिस बीच्या बाबतीत अधिक रास्त ठरते.

एकत्र जेवणे, मिठी मारणे, शिंक, खोकला, सामाईक शौचालय यांतून दोहोंपैकी एकही पसरत नाही. डासाचेही तसेच आहे : चावताना तो आपली लाळ सोडतो, आधीच्या माणसाचे रक्त नव्हे, आणि एचआयव्ही त्याच्या शरीरात वाढतही नाही.

स्तनपानाच्या बाबतीत चित्र उलटे होते. एचआयव्ही आईच्या दुधातून बाळाला होऊ शकतो, मात्र आई एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी, औषधे नियमित घेत असल्यास हा धोका फार कमी होतो. हिपॅटायटिस बी असलेली आई बाळाला अंगावर पाजू शकते, कारण तिथे मुख्य धोका प्रसूतीच्या वेळचा असतो आणि जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची लस प्रामुख्याने त्यासाठीच असते.

एचआयव्हीवर अशी लस अद्याप नाही. परंतु औषधांमुळे ज्याच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके कमी होऊन तसेच टिकून राहिले आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधांतून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. ही गोष्ट अजून फारच थोड्यांच्या कानावर गेली आहे. सुई टोचणे किंवा असुरक्षित संबंध असा प्रसंग घडलाच, तर एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. हिपॅटायटिस बीची लस पूर्वी घेतली आहे की नाही, हेही त्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे.