तेरड्यातली लाल रेघ आणि तिच्यामागचा प्रश्न

तेरड्याची फांदी लाल पाण्यात ठेवली की थोड्या वेळाने तिच्या खोडात लाल रेघा दिसू लागतात. खोड अर्धपारदर्शक असल्याने भिंगही लागत नाही. शाळेत वनस्पतींमधील पाण्याचे वहन शिकवायला हा प्रयोग फार चांगला आहे. पण त्यातून पाण्याची वाट कळते. त्याला वर कोण नेते, हे कळत नाही. बहुतेक वर्गांत धडा या रेघेपाशीच संपतो, आणि मला ते खटकते, कारण खरे नवल त्यापुढे आहे.

वाट दाखवणारा प्रयोग बराच जुना. फ्रान्समध्ये प्येर मान्योल यांनी १७०९ मध्ये निशिगंधाचे दांडे लाल रसात ठेवून फुले रंगवली होती. पाणी नेमके किती जाते, याचे मोजमाप मात्र इंग्लंडमधल्या टेडिंग्टनचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी केले. १७२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी साडेतीन फूट उंचीचे सूर्यफूल कुंडीत घेतले, मातीतून वाफ जाऊ नये म्हणून कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केले आणि ते सकाळ-संध्याकाळ तोलले. दिवसाकाठी सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक पाणी पानांवाटे उडून जात होते. छाटलेल्या द्राक्षवेलीच्या बुंध्याला काचेची नळी जोडून मुळांचा दाबही त्यांनी मोजला. हे सारे १७२७ मध्ये छापून आले.

तरीही उंच झाडांचे कोडे सुटेना. केशाकर्षण, म्हणजे अरुंद नळीत पाण्याचे आपोआप वर चढणे, हे उत्तर आजही वर्गात सर्रास दिले जाते, पण झाडातल्या पाणी नेणाऱ्या जलवाहिनीसारख्या, २० मायक्रोमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी त्या बळावर जेमतेम पाऊण मीटर चढते. मूलीय दाब, म्हणजे मुळांनी पाणी वर ढकलण्याचा दाब, भर दुपारी, पाण्याची गरज सर्वाधिक असते तेव्हाच, क्षीण असतो. वरून निर्वात पंपाने ओढावे म्हटले, तर दहा मीटरच्या आसपास मर्यादा येते. आणि कॅलिफोर्नियातले रेडवूड वृक्ष शंभर मीटरच्याही वर जातात!

मग खोडातल्या जिवंत पेशी पाणी ढकलत असतील का? १८९० च्या सुमारास जर्मनीत एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी सुमारे २० मीटर उंचीची झाडे तळाशी कापून विषारी द्रावणात उभी केली. विष चढत गेले, वाटेतल्या पेशी मेल्या, तरी द्रव वर चढतच राहिला. डब्लिनचे हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ मध्ये उलगडा मांडला : पानांतून पाणी उडते तेव्हा मागच्या पाण्यावर ताण येतो, पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की अख्खा स्तंभ न तुटता वर ओढला जातो. आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे मत वेगळे होते. जिवंत पेशींच्या स्पंदनाने रस चढतो, असे त्यांनी १९२३ च्या ग्रंथात मांडले. त्यांच्या उपकरणांचे कौतुक झाले, पण हे मत टिकले नाही. १९६५ मध्ये शास्त्रज्ञ शोलांडर आणि सहकाऱ्यांनी दाबपात्राच्या (फांदी आत ठेवून वायूचा दाब देण्याच्या बंद भांड्याच्या) साहाय्याने फांद्यांमधला ताण मोजून दाखवल्यावर ताणाच्या बाजूने भक्कम पुरावा मिळाला.

हे सगळे नववी-दहावीच्या मुलांना सांगता येते, आणि त्यासाठी लागतात फक्त तेरड्याच्या दोन फांद्या. एकीची पाने ठेवायची, दुसरीची सगळी काढायची, दोन्ही लाल पाण्यात ठेवून वाऱ्याच्या जागी मांडायच्या. पानांच्या फांदीत रेघ ठळकपणे लवकर चढते. फांद्या कापताना देठ पाण्याखाली धरावा. बाहेर कापला तर ताणलेला स्तंभ आत खेचला जातो, हवा शिरते आणि त्या जलवाहिन्यांमधला प्रवाह अडतो. असे का होते, हे मुलांनाच विचारावे : पाणी खालून ढकलले जात असते, तर कापलेल्या तोंडातून ते बाहेर आले असते, हवा आत शिरली नसती.