फॅक्ट-चेकचे लेबल आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य: अमेरिकेतील वादाची पार्श्वभूमी

अमेरिकी राज्यघटनेची अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपणारी पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते, खासगी कंपनीचे नव्हे. उमेदवाराचे प्रत्युत्तर छापण्याची वृत्तपत्रांवर सक्ती करणारा फ्लोरिडाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये रद्द केला. काय छापायचे हे संपादकच ठरवणार, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

लेबलांची कहाणी सुरू होते डिसेंबर २०१६ मध्ये. फेसबुकने बाहेरच्या पडताळणी संस्थांची मदत घेतली आणि शंकास्पद बातम्यांवर 'वादग्रस्त' अशी खूण दिसू लागली. वर्षभरात ती काढली गेली. ठळक निशाणीमुळे काही लोक आपल्या समजुतीला अधिकच चिकटून बसतात, असे कारण दिले गेले. अशा बातम्या फीडमध्ये खाली ढकलण्याची तरतूदही सुरुवातीपासून होती. तिची चर्चा त्या काळात फारशी झाली नाही, आणि आजचा गोंधळ बराचसा त्यातूनच आला आहे.

२६ मे २०२० रोजी ट्विटरने टपाली मतदानाविषयीच्या तत्कालीन अध्यक्षांच्या ट्विटखाली माहितीचा दुवा जोडला. ट्विट जागेवरच राहिले, कुणालाही ते वाचता येत होते. तरी दोनच दिवसांत, वापरकर्त्यांच्या मजकुराची जबाबदारी कंपन्यांवर न टाकणारे १९९६च्या कायद्याचे संरक्षण आक्रसण्यासाठी अध्यक्षीय आदेश निघाला. पुढच्या अध्यक्षांनी २०२१ मध्ये तो मागे घेतला. अभिव्यक्तीवर खरा दबाव यात कुणाचा होता? दुवा जोडणाऱ्यापेक्षा आदेश काढणाऱ्याचा अधिक, असेच म्हणावे लागते.

सर्वात अवघड प्रकरण मात्र न्यायालयात गेले ते २०२१ मध्ये. कॅलिफोर्नियातील वणव्यांवरच्या एका पत्रकाराच्या व्हिडिओवर फेसबुकवर 'संदर्भ अपुरा' असे लेबल लागले होते. लेबलावर टिचकी मारली की उघडणाऱ्या पानावर ज्या दाव्याची तपासणी होती, तो दावा आपण केलाच नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याने बदनामीचा खटला भरला. बचावात कंपनीने, लेबल हे कायद्याने संरक्षित मत आहे, असाही युक्तिवाद केला. २०२२ मध्ये खटला फेटाळला गेला. एखाद्या प्रक्रियेला फॅक्ट-चेक म्हटले, एवढ्यावरून तिचा निष्कर्ष हे वस्तुस्थितीचे विधान ठरत नाही, असा निकालाचा आशय होता.

कायद्याच्या दृष्टीने ही भूमिका टिकणारी आहे. वाचकाच्या दृष्टीने ती अस्वस्थ करणारी आहे. लेबल पाहणारा माणूस ते तथ्य म्हणून वाचतो, मत म्हणून नाही. शिवाय नुसत्या मताने कुणाची पोहोच घटत नाही, या लेबलांमागे मात्र ती घटवण्याची यंत्रणा होती. व्हिडिओ हटला नाही म्हणून बोलणाऱ्याचे काहीच बिघडले नाही, असे म्हणता येत नाही. तरीही लेबल ही गळचेपी नव्हे. ते प्रत्युत्तर आहे, आणि प्रत्युत्तर देणे हीसुद्धा अभिव्यक्तीच आहे. तक्रारीला जागा आहे ती पोहोच घटवण्याच्या निर्णयात, आणि तिथे दाद मागायला सोपी, पारदर्शक वाट असायला हवी होती.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फीडमधील मजकुराची निवड आणि मांडणी ही कंपन्यांची अभिव्यक्ती असल्याचे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये फेसबुकच्या मालक कंपनीने अमेरिकेपुरती बाहेरच्या संस्थांकडून होणारी पडताळणी बंद करण्याची घोषणा केली. तिची जागा वापरकर्त्यांनीच लिहिलेल्या टिपांनी घेतली. या टिपांमुळे पोस्टची पोहोच घटवली जात नाही.