योसेफाचे वडील कोण? मत्तयाची वंशावळ आणि लूकची वंशावळ

नाशिकला रामकुंडावर क्षेत्रोपाध्यांना गाव नि आडनाव सांगितलं की जुनी वही उघडते आणि पणजोबांचं नाव निघतं. आमच्या शरणपूर रोडवरच्या ख्रिस्ती घरात अशी वही नाही. पण नाताळ जवळ आला की चर्चमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, येशूची वंशावळ, वाचला जातो, वाचणारा नावांवर हमखास अडखळतो, आणि बाहेर चहा घेताना कुणीतरी विचारतंच: मत्तय म्हणतो योसेफाचा, म्हणजे मरीयेच्या पतीचा, बाप याकोब, दुसरा शुभवर्तमानकार लूक म्हणतो एली. मग खरा कोण?

मत्तय अब्राहामापासून खाली येतो. त्याची वंशावळ म्हणजे वचनांची वसुली. ‘तुझ्या संततीद्वारे सर्व राष्ट्रं आशीर्वादित होतील’ हे अब्राहामाला मिळालेलं वचन, ‘तुझं सिंहासन कायमचं टिकेल’ हे दाविदाला मिळालेलं. म्हणून पहिल्याच ओळीत हे दोघे. पुढे चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट. इब्रीत दावीद या नावाच्या अक्षरांची बेरीजही 14 होते. आकडा जमवायला त्याने योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे सरळ गाळलेत, आणि तरीही शेवटच्या गटात मोजून तेराच नवी नावं भरतात!

पण गंमत गाळलेल्या नावांत नाही, ठेवलेल्या नावांत आहे. सोयरीक जमवताना आपण जे लपवू, ते मत्तय मुद्दाम सांगतो: सासऱ्यापासून मुलं झालेली तामार, यरीहोची वेश्या राहाब, मवाबी रूथ, आणि ‘उरीयाची बायको’. बथशेबा हे नावसुद्धा तो घेत नाही, दाविदाचा गुन्हा वाचणाऱ्याला आठवावा म्हणून असेल. मग येतो बाबेलला बंदिवान गेलेला राजा यखन्या. यिर्मया संदेष्टा म्हणाला होता, याच्या वंशातला कुणी दाविदाच्या गादीवर बसणार नाही. देव त्याला म्हणतो, माझ्या हातातली मुद्रेची अंगठी असलास तरी उपटून टाकीन. इथे वचन तुटलंच म्हणायचं. पण बाबेलच्या बंदिवासानंतर हाग्गय संदेष्टा त्याच्याच नातवाला, जरूब्बाबेलाला, देवाचा निरोप देतो: तुला मुद्रेच्या अंगठीसारखा करीन. तीच अंगठी!

लूक उलटा, वर चढत जातो. येशूच्या बाप्तिस्म्यानंतर, ‘तू माझा पुत्र’ या वाणीच्या लगेच पुढे ही यादी येते आणि दाविदाचा मुलगा शलमोन सोडून नाथानच्या फांदीने, अब्राहामालाही मागे टाकत, आदामापर्यंत आणि देवापर्यंत पोचते. शरणपूरला एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकली. आफ्रिकेत वारलेल्या शोधप्रवासी लिव्हिंगस्टनच्या शवासोबत 1874 साली लंडनला गेलेला जेकब वेनराइट त्यांतलाच; हे नाव काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. अशा मुलांना मत्तयाच्या यादीपेक्षा लूकची जवळची वाटली असेल, असं मला उगाच वाटतं.

राहिला याकोब की एली. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक आफ्रिकानस म्हणतो, दोघे एका आईचे मुलगे. एली निपुत्रिक वारला, याकोबाने भावाचा वंश चालवायच्या यहुदी रीतीप्रमाणे भावजयीशी लग्न केलं, म्हणून योसेफ रक्ताने याकोबाचा आणि कायद्याने एलीचा. दुसरं मत, लूकची यादी मरीयेच्या माहेरची. मला ते पटत नाही, कारण लूक मरीयेचं नावच घेत नाही. तो लिहितो, येशूला योसेफाचा पुत्र ‘समजत’. आणि मत्तयही ‘याला हा झाला, त्याला तो झाला’ करत योसेफापर्यंत येतो आणि तिथे वाक्य फिरवतो: ‘मरीयेचा पती, तिच्यापासून येशू जन्मला.’