हो, नाही आणि ‘प्रश्नच चुकला’

‘तू उद्या येणार नाहीस ना?’ या प्रश्नाला कोणी नुसतं ‘हो’ म्हटलं, तर काय समजायचं? बहुतेक वेळा पुन्हा विचारावं लागतं, ‘म्हणजे येणार की नाही?’ जपानी माणसाचा होकार समोरच्याच्या वाक्याला असतो: बरोबर, नाही येणार. इंग्रजीतला ‘येस’ मात्र येण्याला होकार देतो. फ्रेंच आणि जर्मनमध्ये नकारार्थी प्रश्न खोडून काढायला ‘सी’ आणि ‘डॉख’ असे वेगळे शब्दच आहेत.

भाषा नव्यानं घडवताना हा गुंता सोडवता येईल, असं वाटतं. पण झामेनहॉफ यांनी 1887 मध्ये मांडलेल्या एस्पेरांतोत तो तसाच राहिला. तिथं वाक्याच्या सुरुवातीला ‘चु’ लावला की प्रश्न तयार होतो आणि उत्तराला ‘येस’ किंवा ‘ने’. नकारार्थी प्रश्नाला मात्र बोलणारे आपापल्या मातृभाषेच्या सवयीनं उत्तर देऊ शकतात.

सोन्या लँग यांनी 2001 मध्ये घडवलेल्या तोकी पोना या भाषेचे मूळ शब्द सव्वाशेच्या आसपास. तिनं ‘हो’ हा शब्दच ठेवला नाही. ‘सिना मोकु आला मोकु?’ म्हणजे ‘तू खातोस-नाही-खातोस?’ उत्तर ‘मोकु’ किंवा ‘आला’. आपणही ‘जेवलास?’ला ‘जेवलो’ म्हणतोच.

खरी मेहनत दिसते ती लोज्बानमध्ये. जेम्स कुक ब्राउन यांनी 1955 मध्ये तर्कशास्त्राच्या पायावर लॉगलान रचायला घेतली. भाषेचा विचारांवर किती पगडा असतो, हे त्यांना तपासायचं होतं. तिच्यातूनच 1987 मध्ये लोज्बान निघाली. इथं प्रश्नासाठी घशातून काढलेला ‘खु’ आहे: ‘खु दो क्लामा?’, म्हणजे ‘तू जातोस का?’ ‘हो’ला नेमका प्रतिशब्द नाही. उत्तर असतं ‘गोहि’. हा शब्द मागचं अख्खं विधान पुन्हा उभं करतो, आणि तेही शब्दशः नव्हे, अर्थानं. प्रश्नातला ‘तू’ म्हणजे मीच, त्यामुळे माझ्या ‘गोहि’चा अर्थ आपोआप ‘मी जातो’ असा होतो. एवढ्याशा शब्दाकडून इतकं काम करून घेणं मला फार सुंदर वाटतं.

आता नकारार्थी प्रश्न. ‘ना गोहि’ म्हणजे जात नाही, ‘झाहा गोहि’ म्हणजे जातो. प्रश्नात आधीच नकार असला तरी उत्तरातला ‘ना’ त्याच्याशी गुणला जात नाही, तर त्याची जागा घेतो. नाही-नाही मिळून हो, असं इथं होत नाही. त्यामुळे प्रश्न सरळ विचारा की उलटा, या दोन उत्तरांचे अर्थ पक्के राहतात.

पण काही प्रश्नांना हो म्हटलं तरी पंचाईत, नाही म्हटलं तरी पंचाईत. ज्यानं आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही त्याला विचारा, ‘सिगारेट सोडलीस का?’ ‘हो’ म्हणजे पूर्वी ओढत होतो, ‘नाही’ म्हणजे अजून ओढतो. प्रश्न विचारणाऱ्यानं एक गोष्ट गुपचूप गृहीत धरली आहे आणि दोन्ही उत्तरं ती मान्य करतात. ‘हो की नाही, एवढंच सांगा’ असा दम भरला की खरं बोलणाऱ्याला तोंडच उरत नाही.

लोज्बानमध्ये याला तिसरं उत्तर आहे: ‘नाहि’. कानाला आपल्या ‘नाही’सारखाच लागतो, पण त्याचं काम वेगळं. तो विधान खोटं ठरवत नाही; विधान लागूच पडत नाही, असं सांगतो. त्याची जागाही महत्त्वाची आहे. ‘नाहि गोहि’ म्हटलं तर सगळं विधानच गैरलागू. ‘गोहि नाहि’ म्हटलं तर खोट क्रियापदात, म्हणजे इथं ‘सोडण्या’त: जे कधी धरलंच नाही ते सोडणार कुठून? आणि दोष वाक्यातल्या दुसऱ्याच एखाद्या शब्दात असेल, तर वाक्य पुन्हा उच्चारून नेमक्या त्या शब्दापाठोपाठ ‘नाहि’ ठेवता येतो.